काळी एकमधलं वादळ

मार्गशीर्षातलं सुवर्णकोमल, सुस्त ऊन मिरजेच्या तंबोरे घडवणाऱ्या गल्लीत उतरलं होतं. आढ्याला टांगलेले गोलोदर भोपळे त्या उन्हात न्हात होते, उजळत होते. आणि खाली, लाकडाच्या भुशात, मौलासाहेब फोनकडे पाठ करून बसले होते.

हट्टच म्हणायचा, दुसरं काय! चाळीस वर्षं त्यांनी तंबोऱ्यांना जवारी लावली. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचं हाड कानसून, तारेखाली सुताचा धागा सरकवून सपक तारेला झंकार दिला. त्या कानाला लेकीचं गिटार कसं रुचावं? दोन वर्षांपूर्वी पुण्यात, त्याच लेकीच्या, निलोफरच्या ‘वणवा’ बँडचा कार्यक्रम रंगात असताना, तिच्या गिटारची खरखर ऐकून हा माणूस सरळ मंचावर चढला आणि म्हणाला, जवारी बिघडलीय, आधी ती नीट कर. लोक खो-खो हसले. त्यानंतर लेक घरी आली नाही.

आता तिचा नवा अल्बम आला होता. कृष्णेच्या महापुरावरचं, सत्तेचाळीस मिनिटांचं एकच अखंड गाणं. सोबत निरोप, की शेवटपर्यंत ऐका, आणि उगाच कौतुक करू नका.

अखेर त्यांनी ऐकायला घेतलं. आधी नुसता मेघगंभीर गडगडाट, कपाळाला आठ्या. मग पाणी चढलं, गावं बुडाली, स्वरावर स्वर लोटला. आणि शेजारी, कालच आपल्या नेहमीच्या काळी एकच्या पट्टीत मिळवलेला तंबोरा, कुणीही न छेडता, आपसूक झंकारू लागला.

मौलासाहेब थिजले. पोरीनं अवघं वादळ बापाच्या पट्टीत बांधलं होतं! आणि ती गिटारची खरखर? स्वच्छ तारेला जाणूनबुजून दिलेली खरखर म्हणजे जवारीच की. जन्मभर ते तरी दुसरं काय करत आले होते? त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून मोठा आनंद झाला.

त्यांनी फोन लावला.

“निलू, त्या दिवशी तुझी जवारी बरोबर होती. कान माझा चुकला.”

पलीकडून ओल्या आवाजात तिनं विचारलं, “अब्बा, रविवारी येऊ?”

“ये. गिटार घेऊन ये.”

मग गाणं पुन्हा पहिल्यापासून लावून ते उंबऱ्यात आले, आणि रविवारी कानात बोळे घालून बसा म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐटीत बजावू लागले. आत नदी भरत राहिली, ओसरत राहिली, पुन्हा भरत राहिली.