भोंगा झाला की जेवणारे बैल

आमच्या काकाजींचे बैल भोंगा ऐकून जेवायला थांबतात, हे मी शाळेत सांगितलं तेव्हा पोरी इतक्या हसल्या की बाईंनी मलाच वर्गाबाहेर काढलं. मला काय, मी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना मधल्या सुट्टीत नेऊन दाखवलं. तेव्हापासून मला वर्गात फार मान आहे!

आमचं शेत भंडाऱ्याकडे, धानाचं. बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात लागले, आम्हाला सेक्टर सहात क्वार्टर मिळालं आणि शेत भाऊराव काकाजींकडे राहिलं. धान निघालं की शेतात बैलांना काम नसतं. मग काकाजी बांड्या आणि चांद्याला बंडीला, म्हणजे बैलगाडीला, जुंपून भिलाईला येतात, उन्हाळाभर ठेकेदारांचा मुरूम वाहतात आणि पेरणीआधी परत जातात. तिकडचं धान आणि इकडचं भाडं, दोन्ही त्या एकाच जोडीवर. "चार पाय शेताले, चार पाय भिलाईले," काकाजी म्हणतात.

कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला की काकाजी जू काढत आणि सरकीच्या ढेपेचा डबा वाजवून बैलांपुढे ठेवत. रोजच. शेवटी बैलच शिकले. भोंगा आला की असतील तिथं थांबायचं, माना खाली घालायच्या, आणि जू निघेपर्यंत हलायचं नाही. भर रस्त्यातसुद्धा! ट्रकवाले शिव्या देत आणि काकाजी मिशीत हसत. "सायब लोक भोंग्यावर जेवतात, मंग माह्या बैलाइनं कावून जेवू नये?"

यंदा मुरुमाला डंपर आले. काकाजींनी नंदिनी गावाकडे एका ठेकेदाराच्या खदानीत चुन्याचा दगड वाहायचं काम धरलं. शाळेची सुट्टी संपत आली तेव्हा आई आणि मी दोन दिवस त्यांच्या झोपडीवर राहायला गेलो.

खदान म्हणजे जमिनीत पडलेलं पांढरं भगदाड. वर यायला एकच चढण, बंडीपुरती. झोपड्यांपाशी कुत्रीच कुत्री, पण खदानीच्या काठाला एकही नाही. मी एकाला भाकरी दाखवत नेऊन पाहिलं. ते अर्ध्या वाटेत बसलं आणि भाकरी सोडून परत गेलं.

संध्याकाळी मुकादम भय्याजी सांगत आला, "भाऊराव, उद्या सुरुंग हाय. तू आल्यापासून पहिलाच, म्हून सांगतो. भोंगा देला का सारे वर. मी पल्याड वात पेटवतो, मले तिकडून चढण दिसत नाई. एकदा पेटली का पेटली."

मी भाकरी खाली ठेवली. "काकाजी, आपले बैल त भोंग्याले थांबतात!"

"अवो, तो कारखान्याचा. हा हातानं फिरवाचा. बैलाले समजते."

"अन् नाई समजलं त?"

"आठवीत गेली त बैलाइले शाळा शिकवून राहिली का, कमलिनीबाई?"

"हासू नका, भाऊजी," आई म्हणाली. "उद्या नका जुंपू."

"वैनी, एक दिवस सोडला का माह्या जागी दुसऱ्याची बंडी लागते."

सकाळी काकाजींनी बंडी जुंपली. मी ढेपेचा डबा उचलला आणि चढणीच्या टोकाशी जाऊन उभी राहिले. आई हाका मारत होती. मी हलले नाही. खाली भरलेल्या बंड्या एकेक करून वर येऊ लागल्या. काकाजींची सगळ्यांत मागे होती, त्यांनी दगड जास्त भरला होता.

ते अर्ध्या चढणीवर असताना भोंगा झाला. घशात काही अडकल्यासारखा आवाज, कारखान्याच्या भोंग्यासारखा मुळीच नाही.

बांड्या थांबला. चांद्या थांबला. दोघांनी माना खाली घातल्या.

"हो रे! चाल!" काकाजींनी तुतारी, म्हणजे आर लावलेली काठी, टोचली. मग मारली. त्यांना बैल मारताना मी कधीच पाहिलं नव्हतं. बैल हलले नाहीत, फक्त कान हलवले, आज जेवण उशिरा का म्हणून. बाकीची माणसं माझ्या बाजूने पळत गेली. पलीकडे धुराची बारीक रेघ उठली.

"काकाजी, जू काढा! बंडी सोडा!"

त्यांनी बंडीकडे पाहिलं. त्यांच्या आजोबांची, सागाची बंडी. मग बंडी मागे घसरू नये म्हणून एक दगड चाकामागे उटीला सारला आणि जू काढलं.

मी डबा वाजवला. दगडाने, जीव खाऊन वाजवला. बांड्याने मान वर केली. मग दोघेही चढण चढत आले, पळत नाही, रोज जेवायला येतात तसे, आणि काकाजी त्यांच्या मागून त्यांना ढकलत. मी मागे मागे सरकत वाजवत राहिले, ते माझ्या मागे, झोपड्यांपर्यंत.

जमीन हलली. धूळ बसल्यावर चढणीवर बंडी नव्हती. एक चाक तेवढं होतं, तेही आडवं. बैल ढेप खात होते.

पेरणी जवळ आली होती, काकाजींनी जोडी घेऊन पायीच गावी जायचं ठरवलं. भिलाईतून निघाले तेव्हा मी सडकेपर्यंत गेले, दोर माझ्या हातात. तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. दोघेही सडकेच्या मधोमध थांबले. मानेवर काहीच नव्हतं, तरी माना खाली. मागे ट्रक ओरडू लागले.

काकाजी पुढे झाले. दोन्ही हातांनी, नसलेलं जू उचलल्यासारखं करून बाजूला ठेवलं. तेव्हा बैल चालू लागले.

"असंच करत जाईन," ते म्हणाले.

गावापर्यंतचा रस्ता रुळांच्या बाजूबाजूने जातो आणि दोनदा रूळ ओलांडतो. इंजिनाची शिट्टी बैलांना भोंग्यासारखी वाटेल का, हे मला विचारायचं होतं. मी विचारलं नाही. ढेपेचा डबा तेवढा काकाजींच्या हातात दिला.