धागा नसलेली माणसं

ऑफिसात तिला सगळे आकडेबाई म्हणत, आणि तिला ते आवडायचं. तीन महिने ती एकाच कामाला जुंपलेली होती. शहरातले वीस लाख फोन, कोण कोणाशी बोलतं त्याचं जाळं, आणि त्यावरून कोणती म्हातारी माणसं एकटी पडत चाललीत याचा अंदाज. ज्यांची नावं निघतील त्यांच्या घरी दर आठवड्याला एक नर्स डोकावून जाणार होती. यादी आज पाचला बंद व्हायची होती.

जाळं अवाढव्य, पण विरळ. माणूस बोलून बोलून बोलणार किती जणांशी? एका यंत्राला हे गणित पंधरवडाभर पुरलं असतं, म्हणून तिने जाळ्याचे वस्त्यांप्रमाणे चौसष्ट तुकडे केले आणि चौसष्ट यंत्रांना एकाच वेळी वाटून दिले. सहा तासांत काम फत्ते! एका तुकड्यातल्या माणसाला दुसऱ्या तुकड्यातल्याशी जोडणारे धागे तेवढे कापावे लागले. शेकडा दीडच होते. साहेब म्हणाले, "चालतंय." त्यानंतर ज्यांना एकही धागा उरला नाही ती माणसं तिने गणिताच्या सुरुवातीलाच गाळली होती. यंत्र प्रत्येकाला किती सोबत आहे याचा आकडा काढतं; अशा माणसाचा तो खाली खाली घसरत राहतो, थांबतच नाही, आणि बाकीच्यांचा खोळंबा करतो. प्रोग्राममध्ये एका ओळीचं काम. एकट्यांना शोधायला निघालेल्या या शहाण्यांनी सगळ्यात एकट्यांनाच दाराबाहेर काढलं आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

दुपारी जेवून परतताना वॉचमनने तिच्या हातात चिठ्ठी ठेवली. "तुमचे वडील येऊन गेले. तासभर बसले होते. वर कळवू का म्हटलं, तर म्हणाले, नको, कामात असेल."

चिठ्ठीत लिहिलं होतं: 'पेपरात आलंय त्या नर्सच्या यादीत माझं नाव आहे ना? परवा बाथरूममध्ये पडलो. फारसं लागलं नाही, पण उठेपर्यंत दुपार झाली.'

ओळखीच्या कुणाचा नंबर पाहायचा नाही हा नियम धाब्यावर बसवून तिने वडिलांचा नंबर शोधला. ते गाळलेल्यांत होते. मग तिला जरा हायसं वाटलं. कारण सरळ होतं. वडील नदीपलीकडे, ती अलीकडे. तुकडे वेगळे, म्हणून दोघांमधला धागा कापला गेला असणार. चूक तिची होती, पण निस्तरता येण्यासारखी होती.

"साहेब, कापलेले धागे परत जोडायला हवेत," ती म्हणाली. "माणसं गळलीत."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "अडीच वाजलेत, बाई."

"तुकडे तसेच ठेवते. बाहेरचे धागे तेवढे प्रत्येक यंत्राला कळवायचे. आधीचे आकडे तयारच आहेत, दोन तास पुरेत."

"करा. पण धागा निघेल त्यांनाच घ्यायचं. ज्याचा कुणाशी संबंधच नाही, त्याचा अंदाज मी कुठून आणू? आणि हाताने एकही नाव घुसवायचं नाही."

"पण साहेब, तीच तर..."

"पाचला यादी हवी."

साडेचारला निकाल आला. चार हजार एकशे बारा माणसं परत आली. वडील त्यांत नव्हते.

तिने नंबर पुन्हा तपासला. बरोबर होता. त्यांचा धागा कापला गेलाच नव्हता, कारण तो नव्हताच. तीन महिन्यांत उचललेला एक तरी फोन असेल तर धागा धरायचा, हा नियमही तिचाच. न उचललेले वेगळ्या रकान्यात पडत. तो रकाना तिने आजवर कधी उघडला नव्हता. आता उघडला. वडिलांकडून तिला सदतीस. तिच्याकडून वडिलांना एकही नाही. दर वेळी तिने फोन पालथा घालून ठेवला होता आणि मनात म्हटलं होतं, रविवारी करू. तिला स्वतःची लाज वाटली, भरल्या ऑफिसात, सगळ्यांच्या देखत.

पाचला दहा मिनिटं कमी असताना तिने फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"चुकून लागला का गं?" वडिलांनी विचारलं.

"नाही बाबा. मुद्दाम केला." तिला पुढे बोलवेना. "बाबा, यादीत तुमचं नाव नाही आलं."



"असू दे," वडील म्हणाले. "ज्यांना कुणीच नाही, त्यांना आधी मिळू दे. मला काय, तू आहेस की."