मिलिग्रॅमला मिलिग्रॅम

दाक्षायणीचा पेपर मालती मॅडमनी दोन बोटांत धरून वर उचलला. "हे काय? भाजी चिरलीस का? सूत्र कुठाय?"

नर्सिंगची ही डोस काढायची परीक्षा. सूत्र वापरून ती दोनदा आपटली होती. तिसऱ्यांदा आपटलीस तर गाठोडं बांधून गावी, मैंदर्गीला ये, असं तिच्या वडलांनी, आप्पांनी, बजावलं होतं. आणि आप्पांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"सूत्र न्हाई लिवलं, मॅडम. एककं मांडली आन् कापली."

सूत्रावर तिचा दातच होता. मागच्या पेपरात डॉक्टरांनी सांगितलेले मिलिग्रॅम आणि बाटलीवरचे मिलिग्रॅम तिच्याकडून खालीवर झाले, आणि बाळाला अर्ध्या एमएलच्या जागी दोन एमएल औषध निघालं. सूत्र मुकाट बसलं, चूं नाही केलं. बाळ कागदावरचं होतं म्हणून वाचलं! मग तिला घरची फवारणी आठवली. एकराला दहा पंप, पंपाला दोन टोपणं, टोपणाला पंधरा एमएल. पंपाला पंप कटतो, टोपणाला टोपण, आणि एकराचे एमएल उरतात. त्या हिशोबात ती पोरवयापासून कधी चुकली नव्हती. डोसही तिनं तसाच मांडला. मिलिग्रॅमला मिलिग्रॅम कटून एमएल उरले, तर बरोबर. आकडा उलटा पडला तर मिलिग्रॅम कटतच नाही, तिथल्या तिथं कान धरतं.

मॅडमनी उत्तरं पाहिली. सगळी बरोबर होती.

"वर नुसतं सूत्र लिही, पास करते. रीतीचे मार्क सूत्रालाच आहेत, मी काय करू?"

एका ओळीचं काम होतं. दाक्षायणीनं पेन उचललं आणि परत ठेवलं.

"ज्या रीतीनं मी सुई भरणार न्हाई, ती लिवू कशाला?"

"मग नापास."

"करा नापास."

बाहेर सात रस्ता चौकाच्या गोंगाटात एका कानात बोट घालून तिनं आप्पांना फोन लावला. ऐकून आप्पा भडकलेच. "उत्तरं बरुबर आन् नापास? एक वळ लिवायला काय धाड भरली हुती?"

"त्याच सूत्रानं मी लेकरू मारलं आसतं, आप्पा."

"शानपणा पुरे. गाडी धर, घरी ये."

"न्हाई येत. पुढल्या म्हैन्यात परत बसणार. आसंच कापून. परत नापास केलं, तर परत बसणार."

पलीकडे आप्पा काहीतरी ओरडू लागले. तिनं फोन बंद केला. आप्पांचं बोलणं मधेच तोडायची त्या घरातली ही पहिलीच वेळ होती.