थेल्माच्या वाफ्यातलं अंडं

"हे तुझंच ना?" थेल्माने मातीने माखलेलं अंडं ओरिएलच्या नाकासमोर धरलं.

बटाटे लावायला खणताना ते वर आलं होतं. लाल रंगवलेलं, त्यावर ससा, आणि सशाखाली चक्क थेल्माच्या लेकीचं नाव, कॅरिस. कॅरिसची दोन बाळं पोटातच गेली होती. आता तिला पुन्हा दिवस होते, आणि थेल्माच्या जिवाला घोर होता.

शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेल्या थेल्माचा विश्वास चर्चवरही बेताचाच. पण शेजारच्या वाफ्यावरच्या या चेटकीणबाईवर तिची पहिल्यापासून नजर होती. वसंतात दिवस-रात्र सारखे झाले की ही मेणबत्त्या लावणार, बियाण्यांशी पुटपुटणार. अल्व्हर्स्टन गावात दुसरं कुणी असलं काही करत नसे, निदान उघड्यावर तरी नाही.

"माझंच," ओरिएल म्हणाली. "ओस्टाराला, दिवस-रात्र सारखे होतात त्या सणाला पुरलं."

"माझ्या वाफ्यात? चोरून? पोरीवर करणी करतेस होय गं, भवाने?"

"विचारलं असतं तर पुरू दिलं असतंस?"

"फावडं घातलं असतं डोक्यात!"

"म्हणूनच नाही विचारलं. ज्याच्यासाठी मागायचं त्याच्या घरच्या मातीत पुरायचं असतं. कच्चंच लागतं, आत जीव असतो म्हणून."

"तुला काय पडलंय माझ्या पोरीचं?" थेल्माने अंडं दगडावर आपटलं. पिवळा बलक मातीत पसरला.

ओरिएलने डोळे मिटून घेतले. "तुला कुंपणापाशी रडताना पाहिलं होतं. वर्षाला एकच मागते मी. इतकी वर्षं रॉरीसाठी मागत होते."

रॉरी तिचा मुलगा. भांडून गेला तो गेलाच. ही गोष्ट थेल्मानेच शाळेत चवीने सांगितली होती. आता तिला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओरिएलच्या वाफ्यावर आली. कागदात गुंडाळलेलं अंडं तिने पुढे केलं. तिची आई ईस्टरला करायची तसं, कांद्याच्या सालींत रंगवलेलं. वर वेड्यावाकड्या अक्षरांत रॉरीचं नाव.

ओरिएलने ते तळहातावर फिरवून पाहिलं. "उकडलंयस?"

"मग? आमच्यात उकडूनच रंगवतात." थेल्माने संशयाने तिच्याकडे पाहिलं. "का गं? चालत नाही?"

ओरिएलने रॉरीच्या नावावरून अंगठा फिरवला.

"चालतं की," ती म्हणाली. मग गुडघे टेकून तिने खड्डा केला, अंडं आत ठेवून माती सारखी केली आणि झारीने वर पाणी घातलं.