न बुजलेला खड्डा

"श्वास कशाला रोखून धरलाय? तुमच्या श्वासाने काही उडून जात नाही तो," ही माझ्या कानाशी म्हणाली.

मी सूक्ष्मदर्शकावर वाकलो होतो. केसाच्या जाडीहूनही लहान असा एक पिवळट कण दिसत होता आणि त्याच्या मधोमध सुईने पाडलेला खड्डा. मी ग्रंथपाल होतो. विज्ञानाची पुस्तकं मला फक्त पाठीवरच्या नावांनी ओळखता येतात. काहीतरी बोलायला हवं, म्हणून "छान आहे," म्हणालो आणि बाजूला झालो.

"छान काय त्यात? खड्डा आहे तो." ती म्हणाली.

ही प्रयोगशाळा आता तिची नव्हती. ती निवृत्त झाली आणि तिचा विद्यार्थी तिच्या जागी आला. उंचीमुळे त्याला सगळे उंट म्हणत. केस पिकले तरी नाव काही सुटलं नव्हतं. परवा त्याचा फोन आला होता, "बाई, एक दाखवायचंय. फोनवर नको." तेव्हापासून हिच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता. सकाळी मला म्हणाली, "तुम्ही चला. काही बोलू नका, नुसते बसा."

तो काय दाखवणार याचा तिला अंदाज होता, आणि तिने समजावल्यामुळे थोडा मलाही. हवेत तरंगणारे बारीक कण आजूबाजूचे वायू शोषून घेतात. ते किती शोषतात, हे मोजण्यात हिचा जन्म गेला. कण म्हणजे पाण्यासारखा पातळ थेंब, हे ती धरूनच चालली होती. वायू नुसता टेकायचा अवकाश, की चहात साखर विरघळावी तसा आतपर्यंत मिसळणार. तिची सगळी गणितं या एका गोष्टीवर उभी होती.

"सुई कधी टोचलीस?" तिने विचारलं.

"काल सकाळी, बाई."

"आणि अजून बुजला नाही?"

"तुम्हीच बघा ना."

ती बराच वेळ बघत राहिली. उंट उगाच टेबल पुसत होता.

"पातळ असता तर सुई काढताक्षणी बुजला असता," तो शेवटी म्हणाला. "मधासारखा घट्ट असता तरी आपला चहा होईपर्यंत बुजला असता. हा काचेसारखा झालाय. वायूला आत शिरायला वाटच नाही."

"वाटच नाही असं म्हणू नकोस. फार हळू शिरतो, असं म्हण."

"हो, बाई."

"म्हणजे माझी गणितं चुकली."

मला काहीतरी बोलावंसं वाटलं, पण सुचली ती सगळी वाक्यं पुस्तकातली होती.

"हवा किती कोरडी ठेवलीस?" तिने विचारलं.

"पार कोरडी. दमट केली की कण मऊ पडतो, खड्डाही बुजतो. दमट हवेत तुमचे आकडे अगदी बरोबर आहेत, बाई. मी काही तुम्हाला खोटं पाडायला..."

"ते राहू दे. कोरड्या हवेत वायू किती शोषला गेला, ते दाखव."

त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. तिने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि हाताने चाचपत स्टूल ओढून बसली.

"हा तर माझा हिवाळ्यातला आकडा आहे."

हिवाळ्याचं प्रकरण मला माहीत होतं. थंडीत इमारतीतली हवा कोरडी व्हायची आणि हिचे आकडे घसरायचे. वायूची नळी कुठेतरी गळतेय, असं समजून ती एकेका सांध्याला साबणाचा फेस लावून बघायची, रबरी नळ्या बदलायची, पुन्हा पहिल्यापासून सगळं करायची. आकडा तोच. बरोबरचे लोक म्हणायचे, "थंडी पडली, बाईंचे हात गारठले." तीही हसायची. पुढे तिने हिवाळ्यात मोजणंच सोडून दिलं. एकदा भांडी विसळता विसळता मला म्हणाली होती, "माझा हात प्रयोगाचा नाही हो. उगीच आले मी या वाटेला." स्वतःबद्दल मलाही नेहमी तसंच वाटत आलेलं. तिची समजूत मी कोणत्या तोंडाने घालणार?

"नळी गळत नव्हती," ती म्हणाली.

"कुठली नळी?" उंटाने विचारलं.

"कुठलीच नाही. कधीच गळत नव्हती."

आणि ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. उंट घाबरून माझ्याकडे बघू लागला.

"काका, पाणी आणू का?"

"नको," मी म्हणालो. "हसू दे तिला."

"अरे मेल्या, हा खड्डा आधी पाडायला काय झालं होतं तुला?" ती उंटाला म्हणाली.

"तुम्ही सुईला हात लावू देत होतात का? म्हणायचात, मोडशील."

"मोडलीच असतीस." तिने पदराने डोळे टिपले. "आता लिहिताना आडपडदा ठेवू नकोस. बाईंनी धरलं होतं ते चूक, असं सरळ लिही."

"नाव घालून?"

"नावासकट. नाहीतर चुकलं कुणाचं, ते लोकांना कळणार कसं?"

परतताना बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लगेच तिला झोप लागली, तोंड थोडं उघडं ठेवून. आमचा थांबा आला. मी हललो नाही. थांबा गेला.

शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली. "आजोबा, उतरायचं नाही का?" वाहकाने विचारलं.

मी ओठांवर बोट ठेवलं आणि हळू आवाजात परतीची दोन तिकिटं मागितली.