तीन रात्रींचा नीलम

चिखलीच्या बाजारगल्लीत शकूरभाई नगीनेवाल्याचं दुकान आहे. दुकान कसलं, एक माणूस मांडी घालून बसला की भरलं! काचेची पेटी, एक भिंग, एक चिमटा आणि मागे पडदा, पडद्याआड घर. घेणारं गिऱ्हाईक कमी, विचारणारं जास्त. भाई, मोती पिवळा काऊन पडला? अत्तर लावतं ना अंगाले, मंग पडनच. अत्तर आधी लावत जाय, मोती मागून घाल. भाई, माह्या फिरोजाचा रंग गेला. तेलकट हात लावतं, अन् फिरोजाले दोष देतं का? भाई, नीलम दुधात टाकला की दूध निळं होते म्हनतात. झालं निळं, तर समज खड्याले रंग फासला होता! सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. भाई कंटाळत नसे. फक्त एक प्रश्न आला की तो गप्प होई. "भाई, असली हाये ना?"

त्याला तो चटकन हो म्हणत नसे. आधी भिंग डोळ्याला लावायचा, मग तोंड उघडायचा. खडा सख्ख्या भावाचा असो, नाहीतर कालच स्वतः पाहिलेला असो. काच निघाली तर तोंडावर काच म्हणायचा. गिऱ्हाईक नाक मुरडून उठून जाई आणि पडद्याआडून महेजबीन, म्हणजे त्याची बायको, कपाळावर हात मारून घेई. तिचंही काही चुकत नव्हतं, संसार तिलाच ओढायचा होता. पण भाईला खोटं झेपतच नव्हतं, त्याला तो काय करणार? बोललाच कधी तर दिवसभर एक खडा कोंदणात धड बसत नसे.

ज्या साली गुलाबी बोंडअळीनं कपाशीचं वाटोळं केलं, त्या सालची ही गोष्ट. थंडीचे दिवस होते. बाजाराला माणसं आली होती, पण नुसती हिंडत होती, पिशव्या रिकाम्याच. दुपारी पांढऱ्या लुगड्यातली एक बाई दुकानापुढून बराच वेळ येरझारा घालत होती. शेवटी इकडे तिकडे पाहून चोरासारखी आत शिरली.

"जयभीम, भाई. मी सिंधू. डोणगावहून आली," ती म्हणाली. "मेहकर जवळ पडलं असतं, पन तिथं वळखीचं कोनी ना कोनी भेटते. मले निळा खडा पायजे. शनीचा."

भाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. "माय, तुमच्यात तर हे मानत नाईत ना?"

"नाई मानत. मी बी नाई मानत. घरात बाबासाहेबांचा फोटो हाये, त्यायच्या समोरून उठून आली मी. वस्तीत समजलं तर तोंड दाखवाले जागा राह्यनार नाई." तिनं पदर तोंडाशी धरला. "पन मायचा जीव हाये, भाई. काय करू, सांगा ना तुम्हीच?"

मग तिनं सगळं सांगितलं. तिचा मुलगा धम्मरत्न गावातल्या बियाण्याच्या दुकानात काउंटरवर बसायचा. बोलका, हसरा पोरगा. पेरणीच्या तोंडावर लोक यायचे, कपाशीचं पाकीट उलटंपालटं करून विचारायचे, धम्मा, असली हाये ना रे? तो म्हणायचा, हाव ना काका, बेधडक न्या. मालकानं त्याला तसंच सांगितलं होतं आणि त्याला ते खरं वाटलं होतं. पाकिटं बोगस निघाली. बरंचसं उगवलंच नाही, आणि जे उगवलं त्याची बोंडं वरून हिरवीगार, फोडली की आत अळी आणि सडलेली सरकी. मालक कुलूप लावून कुठं पळाला कोणास ठाऊक. गावात उरला धम्मरत्न.

कोणी त्याला शिवी दिली नाही. कोणी गचांडी धरली नाही. धरली असती तर बरं झालं असतं हो! शेजारचा रंगराव, ज्याच्या खांद्यावर बसून हा लहानपणी जत्रेत हिंडला, त्यानं धम्मरत्नच्या शब्दावर पेरलेल्या स्वतःच्या उभ्या कपाशीत ढोरं सोडली. आणि वाटेत धम्मरत्न दिसला की तो खाली मान घालून निघून जाऊ लागला. दिवाळीपासून पोराचं तोंड मिटलं ते मिटलंच. भिंतीकडे तोंड करून बसायचा. ताट पुढं ठेवलं तर दोन घास खायचा, नाही ठेवलं तर मागायचा नाही.

"फवारनीचं औषध मी खड्डा खनून गाडलं," सिंधूताई म्हणाली. "दोर सारे शेजारच्या झुंबरबाईच्या घरी नेऊन ठेवले. दारात आडवी पडून राह्यते मी. पन मानसाचा डोळा कधी ना कधी लागतेच ना, भाई?"

भाईनं पेटी उघडली. नीलम कसा असतो, किती महाग असतो, हे तो सांगू लागला. तिनं त्याला मधेच थांबवलं.

"असली मले झेपनार नाई. काच द्या. पन नीलम म्हनून द्या. त्याले फकस्त एवढं सांगा, हा असली हाये, यानं तुही साडेसाती जाते. तुमच्यासारख्या मानसावर इश्वास ठेवन तो."

आता मात्र भाई भडकला. "काय बोलून राह्यल्या, माय! त्या पोराची ही गत कायनं झाली? नकली चीज असली म्हनून कोनी त्याच्या हातात देल्ली, म्हनूनच ना? अन् तुम्ही पुन्हा तेच माह्या हातानं कराले सांगता? उद्या त्याले समजलं का काच होती, मंग? मंग काय कराल?"

सिंधूताईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिनं पुसलंही नाही. मग हळूच म्हणाली, "तर मंग मी घरी काय घेऊन जाऊ?"

भाईला आपल्याच आवाजाची लाज वाटली. खरं बोलून बसला होता आणि देण्यासारखं हातात काहीच नव्हतं. तो चिमटा उगाच इकडचा तिकडे करत राहिला. आणि मग त्याला नीलमाचा रिवाज आठवला.

हा रिवाज नगीनेवाल्यांत सगळ्यांना ठाऊक. बाकीचे खडे गिऱ्हाईक घेतं आणि चालू लागतं. नीलम मात्र आधी पारखायला देतात. निळ्या कपड्यात बांधून तीन रात्री उशाखाली ठेवायचा. वाईट स्वप्न पडलं, जीव घाबरला, तर नीलम मानवला नाही म्हणायचं आणि परत करायचा. आणि हे सगळं घालणाऱ्यानंच करायचं. स्वतः येऊन न्यायचा, स्वतः आणून द्यायचा, आणि रात्री कशा गेल्या ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं.

"पोराले घेऊन या," भाई म्हणाला.

"तो उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकत नाई, भाई."

"नीलम दुसऱ्याच्या हाती देतच नाईत, माय. त्यालेच या लागते. कसंबी करा, पन आना."

पुढच्या बाजाराला ती त्याला घेऊन आली. कसं आणलं तिचं तिलाच माहीत. उंच, हाडं वर आलेला, दाढी वाढलेली. आईनं बस म्हटलं तर बसला. भाईनं हवापाणी विचारलं, त्यानं ब्र काढला नाही.

भाईनं मग बोलणंच सोडून दिलं. काळ्या कपड्यावर तीन निळे खडे ठेवले आणि भिंग त्याच्यासमोर सरकवलं. रस्त्यावर कोणी भाजीवाला ओरडत होता. धम्मरत्नचा हात मांडीवरून उठला, भिंगाशी थांबला आणि शेवटी त्यानं ते उचललं. दाणे पारखून पाहायची सवय होती त्या हाताला, ती कुठं जाते?

"पयल्यात बुडबुडे दिसतीन, गोल गोल," भाई सावकाश म्हणाला. "ते काच. दुसरा लय साफ हाये, पन नीट पाह्य, वाकड्या रेघा हायेत. तो भट्टीत बनवलेला. माल नीलमाचाच, पन जमिनीतून निघाला नाई. आता तिसरा पाह्य. त्यात बारीक धागे हायेत, रंगाचे पट्टे सरळ हायेत. तो असली. डाग दिसला का लोक नाक मुरडतात, अन् डाग असतात ते असलीतच."

धम्मरत्ननं तिन्ही खडे पाहिले. पुन्हा पाहिले. मग भिंग खाली ठेवलं आणि दिवाळीपासून न वापरलेल्या घोगऱ्या आवाजात बोलला.

"मले ते पाकीट पाहून काऊन नाई समजलं?"

सिंधूताईनं तोंडात पदर कोंबला. भाईनं आवाज साधाच ठेवला.

"कसं समजन, बेटा? पाकीट बंद होतं. मले बी डबीत बंद खडा दाखवून विचारलं, असली का नकली, तर मी काय सांगू?"

"पन मी सांगतलं ना! बेधडक न्या म्हटलं मी लोकायले!" तो एकदम ओरडला, आणि ओरडल्यावर रडला. भाईनं त्याला रडू दिलं. त्या बोलण्यात खोटं काय होतं?

रडणं ओसरल्यावर भाईनं तिसरा खडा उचलला. पडद्याआड महेजबीनच्या बांगड्या वाजल्या. तो घरातला एकुलता एक असली नीलम होता. भाईच्या बापानं ठेवलेला, आणि आता मलिहाच्या, त्यांच्या लेकीच्या, निकाहच्या अंगठीत बसायचा होता. भाईनं तो निळ्या चिंधीत बांधला आणि धम्मरत्नच्या तळहातावर ठेवला.

"साडेसाती जाते का नाई, मले मालूम नाई. मी खडा वळखतो, नशीब नाई वळखत. पन हा असली हाये, हे मी सांगतो. माह्या पोरीच्या लग्नाचा हाये. तीन रात्री तुह्या उशाखाली ठेव. चवथ्या दिवशी आनून देजो. मायच्या हाती धाडू नको. तूच येजो."

"माह्यावर काऊन इश्वास ठेवता?" धम्मरत्ननं विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

"मंग कोनावर ठेवू? नकलीचा एवढा चटका बसलेला दुसरा मानूस मले चिखलीत भेटन का?"

मायलेक गेले आणि महेजबीन पडदा सारून बाहेर आली. तिचा पट्टा जो सुटला! या अल्ला, या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे का? पोरीचं लग्न तोंडावर, आणि हा घरातली एक चीज अनोळखी पोराच्या हातात देऊन बसला! ना चिठ्ठी, ना जामीन! भाई खाली मान घालून ऐकत राहिला. त्याची काळजी वेगळीच होती. खडा परत आणायच्या बोलीनं तीन रात्री त्या पोराला जगण्याशी बांधून ठेवलं, पण तो बांधला गेलाच नसला तर? ते तो बायकोलाही बोलला नाही.

चौथ्या दिवशी सकाळपासून भाईचा जीव टांगणीला लागला. मेहकरकडून गाडी आली की मान आपोआप वर व्हायची. दुपार झाली. एक अंगठी हातात घेतली होती, खडा काही बसेना. असरची, तिसऱ्या प्रहराची, नमाज पढून आला, पुन्हा रस्त्याकडे डोळे लावून बसला. महेजबीनचं बोलणं सकाळीच बंद झालं होतं. ती चहा घेऊन आली, त्याच्या चेहऱ्याकडे पाहत उभी राहिली, आणि तिला सगळं समजलं.

"खड्याचं जाऊ द्या," ती हळू आवाजात म्हणाली. "पोरगा येऊ द्या फकस्त."

उन्हं कलल्यावर धम्मरत्न आला. एकटाच. दाढी केली होती, त्यात गालाला कापलंही होतं. सिंधूताई कुठं दिसेना, तसा भाई घाबरला.

"माय कुठी हाये रे?"

"घरी. झोपली हाये. मी म्हटलं, मी जातो, तू झोप. तर झोपली." त्यानं खिशातून चिंधी काढून काळ्या कपड्यावर ठेवली. "येळ झाला, भाई. जीपमंधी रंगरावमामा बाजूले बसला. तो नाई बोलला. मीच बोललो."

"काय बोलला?"

"म्हटलं, मामा, मले मालूम नव्हतं."

"मंग?"

"काई नाई म्हनला. पन मेहकरले उतरून लगेच दुसऱ्या गाडीत नाई बसू देल्लं त्यानं मले. चहा पाजला, मंग सोडलं."

भाईचे डोळे भरून आले. त्यानं चिंधी तशीच पेटीत टाकायला हात पुढं केला. आयुष्यात पहिल्यांदाच तो भिंग विसरला होता.

"असं नका ठेवू," धम्मरत्न म्हणाला. "पाहून घ्या."

भाईनं भिंग लावलं. डोळ्यांत पाणी होतं, म्हणून पुसून पुन्हा लावलं. बारीक धागे, सरळ पट्टे. "असली हाये," तो म्हणाला. मग रिवाजाप्रमाणे विचारलं, "रात्री कशा गेल्या?"

"झोपच नाई लागली. हरपला तर पोरीच्या लग्नाचं काय, म्हनून मुठीत धरून बसलो."

"मंग नाई मानवला तुले. रिवाजानं परत घ्या लागते."

धम्मरत्ननं मान डोलावली. पण उठला नाही. काळ्या कपड्यावरच्या खड्याकडे पाहत बसला.

"भाई," तो म्हणाला, "अजून तीन रात्री द्या ना."

पडद्याआडून महेजबीनचा आवाज आला.

"द्या त्याले. निकाहले अजून येळ हाये."

भाईनं नीलम पुन्हा चिंधीत ठेवला आणि गाठ मारली.