आठ ओळींचा काठ

सविताचा लॅपटॉप मंगळवारी सकाळी बंद पडला. पंचवटीतल्या तिच्या खोलीतली वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि पुन्हा आली तेव्हा लॅपटॉपमधून जळका वास आला. त्यानंतर बटण कितीही दाबलं तरी पडदा काळाच राहिला. दुपारी ती भाजीबाजारामागच्या गल्लीत छायाच्या दुकानात जाऊन बसली. छाया बारा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करत होती आणि गिऱ्हाईक रडवेलं असलं की आणखीच कोरडं बोलायची.

छायाने आधी बिल मागितलं, त्यावरचं नाव ताडून पाहिलं आणि मगच मागचं झाकण उघडलं. मदरबोर्ड जळला होता. डिस्क शाबूत होती. ती काढून तिने दुसऱ्या मशीनला जोडली, पण पडद्यावर फाइली आल्या नाहीत. एक निळी चौकट आली आणि तिने अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागितली.

"कुलूप कोणी लावलं?"

"मीच."

"मग उघड की."

सविताने सांगितलं की किल्ली येवल्याला घरी आहे, छापील कागदावर. इंटरनेटवर ठेवली नव्हती. फाइलींची दुसरी प्रतही कुठे नव्हती, ना पेनड्राइव्हवर, ना मेलवर. छायाने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

सविताला कारण सांगावंच लागलं. येवल्यात पैठणीचा नवा काठ मागावरून उतरतो आणि कोणीतरी मोबाइलवर फोटो काढतो. पंधरा दिवसांत त्याची नक्कल यंत्रमागावरून बाजारात येते. तिच्या घरचे तीन काठ असेच गेले होते. आणि या डिस्कवर एकेचाळीस होते, बरेचसे अजून मागावर न चढलेले. ते सगळे तिच्या वडिलांच्या थोरल्या भावाचे, सहादू आबांचे. आबांनी आयुष्यात एकही काठ कागदावर मांडला नाही. कुठल्या ओळीला कुठल्या रंगाचे किती धागे, ते सगळं डोक्यात. मागच्या हिवाळ्यात तीन महिने सविता रोज त्यांच्या खाटेशेजारी बसली. ते आकडे सांगत, ती ते लॅपटॉपमध्ये भरून घेई, आणि शेजारी त्यांचा आवाजही ध्वनिमुद्रित होत राही. होळीच्या आधी आबा गेले. जूनमध्ये डिझाइनच्या कोर्ससाठी नाशिकला येताना तिने डिस्कला कुलूप घातलं होतं.

"म्हणजे किल्ली नाही मिळाली, तर आबा दुसऱ्यांदा गेले," छाया म्हणाली. "लाव घरी फोन."

वडील, निवृत्ती, मागावरच होते. खटखट थांबली. सविताने कागदाची खूण सांगितली: वर इंग्रजी मजकूर, खाली आठ ओळी, प्रत्येक ओळीत सहा आकडे. जूनमध्ये काठांच्या कागदांबरोबर छापून आणला होता.



"तो काठ व्हय?" निवृत्ती म्हणाले. "तो मी विणला."

सविताला आधी कळलंच नाही. मग कळलं. दर पंधरवड्याला ती आबांच्या काठांचे आकडे छापून मागाच्या खुंटीला अडकवून ठेवायची. प्रत्येक कागदावर तशाच ओळी, तसेच आकडे. वडिलांना इंग्रजी वाचता येत नाही, आकडे येतात. गडबडीत हा कागदही त्याच गठ्ठ्यात गेला होता. आणि घरची रीत अशी की एकदा नमुना विणून झाला की कागद चुलीत घालायचा, म्हणजे काठ बाहेर जाण्याची वाटच उरत नाही. कागद जळून सहा महिने झाले होते.

तिने फोनवर हात ठेवून छायाला हे सांगितलं. छाया हसली नाही. तिने विचारलं, "आणि जे विणलं ते?"

ते ट्रंकेत होतं. नमुना कधी फेकत नसत. सविताने त्याचा फोटो पाठवा म्हटल्यावर मात्र निवृत्ती अडून बसले. नमुन्याचा फोटो घरात कोणी काढलेला नव्हता आणि आता ते काढणार नव्हते. शेवटी ते म्हणाले, उद्या मीच घेऊन येतो.

बुधवारी अकराला ते दुकानात आले. धुतलेला सदरा, टोपी, काखेत कापडी पिशवी. येवल्याहून एसटीत उभ्यानेच आले होते. पिशवीतून त्यांनी पांढरं धोतराचं फडकं काढलं, त्याच्या आतून दुसरं, आणि त्याच्या आतून बोटभर रुंदीची, वीतभर लांबीची रेशमी पट्टी. छायाने टेबलावरचे स्क्रू आणि तारा आपणहून बाजूला सारल्या.

पट्टीवर सहा रंग होते: लाल, हिरवा, पिवळा, निळा, जांभळा, पांढरा. कागदावर सहा उभ्या रांगा होत्या म्हणून निवृत्तींनी सहा रंग घेतले होते. जिथे चार लिहिलं होतं तिथे त्या रंगाचे चार धागे. जिथे शून्य होतं तिथे तो रंगच गायब. दोन ओळींच्या मध्ये जरीची एक बारीक रेघ. पट्टी दिसायला विचित्र होती. रंग कुठे एकमेकांच्या अंगावर आलेले, कुठे नुसतीच पांढऱ्याची मिजास.

"असला काठ मी जन्मात पाह्यला नाय," निवृत्ती म्हणाले. "ना वेल, ना फूल."

"मग विणला कशाला, नाना?" सविताने विचारलं.

ते जरा अवघडले. "म्हटलं, पोरीनं स्वतःच्या डोक्यातनं काढलेला पहिला काठ असंल. वंगाळ म्हणून कसं सांगायचं? जसा लिहिला तसा उतरवला. एक धागा इकडचा तिकडं केला नाय."

सविता पट्टीकडे बघत राहिली. जूनपासून आजवर ते या काठाविषयी एक शब्द बोलले नव्हते, आणि का नव्हते ते तिला आता कळलं.

छायाने मदरबोर्डसाठीचा भिंगाचा दिवा पट्टीवर ओढला. ती वरून मोजायला निघाली तेव्हा निवृत्तींनी तिचा हात थांबवला. कापड खालून वर चढतं, पहिली ओळ तळाला. छायाने मान डोलावली. सविता भिंगातून मोजू लागली आणि छाया लिहू लागली. लाल चार, हिरवा नाही, पिवळा सात, निळा दोन, जांभळा पाच, पांढरा तीन. निवृत्ती बाकावर बसून चहा पीत होते. त्यांना मोजणीची काळजी नव्हती.

आठ ओळी उतरवून झाल्यावर छायाने कॅल्क्युलेटर घेतला. या किल्लीची एक खोड तिला ठाऊक होती: कुठल्याही ओळीतले सहा आकडे एकत्र वाचले तर त्या संख्येला अकराने पुरता भाग जातो. नाही गेला तर ती ओळ चुकलेली. पहिली ओळ, चार शून्य सात दोन पाच तीन. भाग गेला. दुसरीला गेला. पाचवीपर्यंत गेला. सहाव्या ओळीला बाकी उरली. सातवीला आणि आठवीला पुन्हा गेला.

सविताने सहावी ओळ परत मोजली. तीन, सहा, एक, सात, चार, पाच. पुन्हा तेच.  वडिलांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरू लागल्याचं डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं. शेवटी छायानेच सांगितलं.

"काका, सहाव्या ओळीत चूक आहे."

निवृत्तींनी कप खाली ठेवला. "कुणाची?"

 ते उठून टेबलाशी आले.

"सहावी ओळ मी दोनदा उसवली हाय," ते म्हणाले. "दोनदा. चुकलेली ठेवली असती तर उसवायचं काय कारण होतं?"

छायाने दिवा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी तो बाजूला केला. टोपीच्या घडीत खोचलेली सुई काढली, पट्टी उलटी केली आणि मागच्या बाजूने, जवळजवळ डोळे मिटूनच, सुईच्या टोकाने धागे चाचपत गेले. लाल ठीक. हिरवा ठीक. पिवळा ठीक. निळ्यावर ते सावकाश झाले. निळा आणि जांभळा जिथे एकमेकांत अडकवले होते तिथे त्यांनी सुई किंचित वर उचलली. अडकवणीच्या खाली एक निळा धागा दबला होता. समोरून तो जांभळ्यातच गेल्यासारखा दिसत होता.

"आठ," ते म्हणाले आणि सुई परत टोपीत खोचली.

छायाने आकडे टिपले. तीन लाख एकसष्ट हजार आठशे पंचेचाळीस. अकराने भागले. उत्तर बत्तीस हजार आठशे पंच्याण्णव, बाकी शून्य. तिने कॅल्क्युलेटरचा पडदा निवृत्तींसमोर धरला. त्यांनी पाहिला आणि मान हलवली, जणू एसटीच्या तिकिटावरची तारीख पाहिली.

छायाने अठ्ठेचाळीस आकडे सावकाश भरले. निळी चौकट गेली. पांढऱ्या पडद्यावर फोल्डर आलं आणि त्यात फाइली एकाखाली एक उतरत गेल्या. सविताने शेवटचा क्रमांक वाचला. एकेचाळीस. तिने ओढणी तोंडावर धरली.

"माझ्याकडं लोक छापील कागद समोर ठेवून किल्ली भरतात," छाया सविताला म्हणाली, "आणि तरी दोन आकडे चुकवतात. तुझ्या वडिलांनी काय लिहिलंय ते माहीत नसताना अठ्ठेचाळीस विणले." मग ती निवृत्तींकडे वळली. "काका, इतक्या वर्षांत माझ्याकडं असं काम आलं नव्हतं."

"मागावर रोजच असतं," निवृत्ती म्हणाले. पण टोपी त्यांनी सरळ केली.

दोन नव्या डिस्कवर प्रती उतरत होत्या, त्याला तासभर लागणार होता. छायाने विचारलं, काही ऐकायचंय का. निवृत्तींनी आबांचा कुठलाही एक काठ लावायला सांगितलं. सविताने एकोणिसावा लावला.

खोकल्याचा आवाज आला, मग आबांचा. लाल दोन, जर एक, लाल दोन, हिरवा पाच. एकसुरी, न थांबता, अकरा ओळी. शेवटी सविताचाच आवाज होता: आबा, हा लय अवघड हाय, कोण विणणार? आणि आबा म्हणाले, "निवृत्ती विणंल. आपल्या घरात त्याच्यासारखा हात माझा पण नाय."

निवृत्ती पडद्याकडे बघत होते. चाळीस वर्षं दोघा भावांचे माग एकाच खोलीत होते, आणि थोरल्याने हे तोंडावर कधी म्हटलं नव्हतं. बाहेर गल्लीत रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. छाया उठून दार लोटून आली.

आकडे कागदावर लिहून देऊ का, असं सविताने विचारलं.

"आकडे ध्यानात हायेत," निवृत्ती म्हणाले. "परत लाव."